कोच ब्रँडस्माच्या चौऱ्याण्णव खुणा

गेल्या नोव्हेंबरात आमच्या गावाने एका सत्तावीस वर्षांच्या मुलीचं भवितव्य माझ्या हाती सोपवलं. माझी पात्रता एकच होती. तिच्याबद्दल बाकी सगळ्यांचं मत ठरून गेलं होतं, माझं अजून ठरायचं होतं.

प्रकरण असं. एल्म क्रॉसिंग कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाला एकतीस वर्षं बड रिकर्ट हा एकच कोच होता. खुब्याचा सांधा बदलून घेतल्यावर तो उन्हाच्या ओढीने ॲरिझोनाला निघून गेला आणि कॉलेजने त्याच्या जागी टेसा ब्रँडस्माला आणलं, पण हंगामी म्हणून. डीनसाहेबांनी जाहीर केलं की तिला कायम करायचं की निरोप द्यायचा ते नाताळच्या सुट्टीआधी ठरेल, आणि ठरवताना टिप-ऑफ क्लबचं मत लक्षात घेतलं जाईल. टिप-ऑफ क्लब म्हणजे आम्हीच. गावातला एकही सामना न चुकवणारी चाळीसेक म्हातारी माणसं. दर सोमवारी दुपारी आम्ही लुथरन चर्चच्या तळघरात एकत्र जेवतो आणि कोचने काय करायला हवं होतं ते एकमेकांना सांगतो.

क्लबच्या अध्यक्ष ग्लाडीन टाडेन. बाई पूर्वी मुख्याध्यापिका होत्या. त्या बोलायला उभ्या राहिल्या की आम्ही अजूनही तोंडापर्यंत नेलेला काटा खाली ठेवतो.

"आपलं मत लेखी गेलं पाहिजे," त्या म्हणाल्या. "आरडाओरडा करून नाही. एकाने सामने नीट बघायचे आणि अहवाल लिहायचा. डेल्मर, तू लिही."

"मी?"

"गेल्या तीन सोमवारांत तू एकदाही बोलला नाहीस. म्हणजे तू निःपक्षपाती आहेस."

मी बोललो नव्हतो कारण माझी खालची कवळी दुरुस्तीला गेली होती. पण हे चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात आमचा शेजारी व्हर्लिन पेटर्स्मा ओरडला, "ग्लाडीन, याला लिहायला बसवलंत तर अहवाल पुढच्या नाताळाला मिळेल!"

सगळे हसले. मी एकसष्टाव्या वर्षी वाचनालयाच्या वर्गात बसून अक्षरं शिकलो, हे गावात कोणाला नवीन नाही. त्याआधी चाळीस वर्षं मी दुधाचा टँकर चालवला, रस्त्यावरची एकही पाटी न वाचता, आणि एकदाही चुकीच्या गोठ्यात गेलो नाही. व्हर्लिनने चाळीस वर्षं ट्रॅक्टर विकले, आणि त्यांतले निम्मे चुकीच्या माणसाला. हे मी बोललो नाही. "लिहितो," एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवसापासून मला सल्ले येऊ लागले. न्हाव्याने माझी मान पुढे वाकवून सांगितलं की कोचची पारख तिच्या बुटांवरून होते, आणि या मुलीचे बूट पळायचे आहेत, उभं राहायचे नाहीत. पास्टरसाहेबांना ती राष्ट्रगीताला ओठ हलवते की खरंच गाते हे जाणून घ्यायचं होतं. गव्हाच्या कोठारावरचा वजनकाटेवाला म्हणाला, "नऊ सामने, चार जिंकले, पाच हरले. लिही आणि मोकळा हो." व्हर्लिन तर रोज सकाळी कुंपणापाशी येऊन उभा राहायचा.

"टाइमआउट बघ, टाइमआउट. बड कधी घ्यायचा? समोरच्यांनी सलग सहा गुण केले की. ही कधी घेते? मनाला येईल तेव्हा."

"बरं."

"लिहून घेतलंस?"

"वही घरात आहे."

"मी थांबतो."

माझी बायको लव्हॉन मात्र काही बोलली नाही. खरं तर बोलायचा हक्क असलाच तर तिचा होता. सहा जणींचा खेळ असायचा त्या काळात ती तिच्या शाळेची बचावपटू होती. बचाव करणारीने मधली रेघ ओलांडायचीच नाही, असा तेव्हा नियम होता. चार वर्षांत तिने एकदाही बास्केटकडे चेंडू फेकला नाही आणि तरी तिचा फोटो शाळेच्या भिंतीवर आहे. मी फारच मागे लागलो तेव्हा ती विणता विणता म्हणाली, "कोचकडे काय बघायचं? मुलींकडे बघ."

हा सल्ला मला फारच बाळबोध वाटला. परीक्षा कोचची, मुलींची नव्हे.

आता, अहवाल म्हणजे कागद घेऊन लिहायला बसायचं, असं मला वाटलं होतं. पण कॉलेजच्या क्रीडा कार्यालयाचा सात पानांचा छापील फॉर्म होता. सरावही पाहिल्याशिवाय तो भरता येत नव्हता. सराव पाहायला छातीवर पास लागत होता. पास मिळायला संगणकावर चाळीस मिनिटांची सुरक्षेची फिल्म पाहून तिची परीक्षा द्यावी लागत होती. मी पहिल्या खेपेस नापास झालो. इमारतीत छोटी आग दिसली तर काय कराल, असा प्रश्न होता. मी 'विझवीन' वर बोट ठेवलं. बरोबर उत्तर होतं, 'बाहेर पडून फोन करीन.'

"मी आयुष्यात दोन आगी विझवल्यात," मी कार्यालयातल्या बाईंना म्हणालो. "एक तर टँकरच्या इंजिनाची."

"असेल हो," त्या अगदी प्रेमाने म्हणाल्या. "पण फिल्म परत पाहावी लागेल. सुरुवातीपासून."

दुसऱ्यांदा मी त्यांच्या मनासारखा पळून गेलो आणि पास झालो. पासवर माझं आडनाव चुकीचं आलं होतं. ते सुधारून घ्यायला वेगळा फॉर्म होता, म्हणून मी सबंध डिसेंबर दुसऱ्याच्याच आडनावाने काढला.

पण पास मिळाला आणि मला माझी पद्धत सापडली. सरावाच्या वेळी मी पाहिलं की कोच ब्रँडस्मा बोलत नाही, हाताने खुणा करते. मूठ वर केली की दोघी बास्केटखाली धावतात. दोन बोटं दाखवली की उंच मुलगी वर येऊन आडवी उभी राहते आणि बाकीच्या तिला वळसा घालतात. पंजा उघडला की सगळ्या पसरतात आणि लांबून नेम धरतात. तीन खुणा, तीन चाली. मुली घड्याळासारख्या चालत होत्या. मी मनाशी म्हटलं, टाइमआउट नको, बूट नकोत, राष्ट्रगीत नको. कोचचं मोजमाप एकच: ती सांगते ते मुली करतात की नाही.

मग घरच्या मैदानावरचे पुढचे चार सामने मी बाकासमोर चौथ्या रांगेत बसून काढले. वहीच्या डाव्या बाजूला कोचची खूण, उजव्या बाजूला मुलींनी काय केलं ते. पॉपकॉर्न घेतलं नाही, हात अडकतो म्हणून. टाळी वाजवली नाही. शेजारचे लोक उठून ओरडायचे तेव्हा मी त्यांच्या कोपरांखालून बघायचो. एका सामन्यात आम्ही शेवटच्या सेकंदाला जिंकलो, आणि तो चेंडू जाळीत पडताना मी पाहिला नाही. मी 'पंजा' लिहीत होतो.

रविवारी चर्चमधून आल्यावर मी बेरीज केली. मग पुन्हा केली. मग लव्हॉनला करायला लावली.

कोच ब्रँडस्माने चौऱ्याण्णव खुणा केल्या होत्या. मुलींनी त्यांतल्या अकरा ऐकल्या होत्या.

मला त्या मुलीचं वाईट वाटलं. सामन्यात ती बाकापुढे उभी राहून मुठी उगारते, आणि तिच्या पोरी तिला हवामानखात्याइतकंही विचारत नाहीत! पण खरं सांगायचं तर वाईट वाटण्याच्या खाली दुसरं एक वाटत होतं, ते म्हणजे अभिमान. टाइमआउटवाल्यांना, बुटवाल्यांना, कोणालाच जे दिसलं नव्हतं ते मला दिसलं होतं, आणि माझ्या अक्षरात लिहिलेलं होतं.

हे मी सोमवारपर्यंत पोटात ठेवायला हवं होतं. पण संध्याकाळी व्हर्लिन कुंपणापाशी आला.

"झाला का रे अहवाल? की अजून मुळाक्षरंच चाललीत?"

"झाला. एकच आकडा वाचून दाखवला तरी सभेत टाचणी पडलेली ऐकू येईल."

"कसला आकडा?"

"उद्या."

व्हर्लिनला 'उद्या' म्हणणं म्हणजे गावाला 'आत्ता' म्हणणं. रात्रीच्या जेवणाआधी मला तीन फोन आले.

सोमवारी सकाळी मी फॉर्मच्या शेवटच्या पानाशी आलो आणि तिथे लिहिलं होतं: ज्या व्यक्तीचं मूल्यमापन झालं तिने अहवाल वाचून खाली सही करावी. सहीशिवाय फॉर्म बाद. जेवणाला एक तास उरला होता. मी टोपी चढवली आणि कॉलेजात गेलो.

कोच ब्रँडस्माचं कार्यालय म्हणजे पूर्वीची चेंडू ठेवायची खोली. तिने मला एकुलत्या एका खुर्चीवर बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून सातही पानं वाचली. पाचव्या पानावर, जिथे ते दोन आकडे होते, तिथे ती थांबली. मी तिच्या बुटांकडे बघत होतो. न्हावी म्हणतो ते खरं होतं, पळायचेच होते.

मग ती हसायला लागली. तिने दार लावून घेतलं.

"मिस्टर हायझिंगा, तुम्ही चारही सामने मोजलेत? पहिल्यापासून शेवटपर्यंत?"

"एकही खूण सुटलेली नाही."

"अकरा ज्या जुळल्या, त्या कधीच्या आहेत ते पाहिलंत?"

मी वही काढली. पाहिलं. सगळ्या अकरा प्रत्येक सामन्याच्या सुरुवातीच्या मिनिटांतल्या होत्या.

"तेवढ्या आम्ही मुद्दाम जुळवतो," ती हळू आवाजात म्हणाली. "समोरच्यांना पटावं म्हणून. मग उरलेला सामना ते माझ्या हाताकडे बघत बसतात."

"आणि तुमच्या मुली?"

"त्या जोलीनकडे बघतात." जोलीन म्हणजे आमच्या संघाची चेंडू वर घेऊन येणारी, सगळ्यांत बुटकी मुलगी. "मधली रेघ ओलांडताना चेंडू तिच्या कुठल्या हातात आहे, त्यावरून चाल ठरते. ठरवते ती. मी नाही. मैदानात काय चाललंय ते तिला माझ्याआधी दिसतं. पहिले पाच सामने हरलो, कारण ठरवायला ती घाबरायची. आता नाही घाबरत."

मी पाहिलेले चारही सामने आम्ही जिंकलो होतो. हे माझ्या वहीत नव्हतं, कारण वहीत त्याला रकाना नव्हता.

"मग हे क्लबला सांगा ना!"

"काय सांगू? की तुमची कोच बाकापुढे उभी राहून नाटक करते आणि संघ एकोणीस वर्षांची मुलगी चालवते? बड रिकर्टच्या लोकांना?" तिने टेबलावरचं पेन उचललं. "आणि आज तुमच्याकडे जेवायला कोण आहे ते आठवतंय ना?"

मला आठवलं. शनिवारी नॉर्थ फोर्क कॉलेजशी सामना होता. नॉर्थ फोर्कशी आमचं पन्नास वर्षांचं वैर आहे, आणि पन्नास वर्षांची पद्धत अशी की सामन्याआधीच्या सोमवारी त्यांच्या कोचला आम्ही जेवायला बोलावतो. वैर आपल्या जागी, जेवण आपल्या जागी. त्यांचा कोच ड्वाइट ओस्टरकँप त्या दुपारी आमच्याच तळघरात बसून आमचाच अहवाल ऐकणार होता.

"मी काय करू मग?"

"परीक्षक तुम्ही आहात." तिने सही केली आणि कागद मला दिले. "तुम्ही लिहिलंय त्यातलं काहीही खोटं नाही. मला आवडलं, खरं सांगते. पूर्ण सामना मोजत बसणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला."

तिने माझ्याकडे काहीतरी मागितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मला नाही म्हणता आलं असतं.

तळघरात गेलो तर नेहमी चाळीस माणसं असतात तिथे सत्तर होती. व्हर्लिनची कृपा. ओस्टरकँप पहिल्या टेबलावर, ग्लाडीनबाईंच्या उजव्या हाताला बसला होता आणि हॅमच्या गोळ्यांची तारीफ करत होता. मी बाईंना बाजूला घेतलं.

"पाहुणा जाईपर्यंत थांबू या का?"

"पाहुण्यासमोर कुजबुजायचं? डेल्मर, आपण असे वागत नाही. ॲपल पायचा पहिला तुकडा त्यांना, मग तुझा अहवाल."

तो तुकडा ओस्टरकँपने फारच चटकन संपवला. मी उभा राहिलो. पहिली चार पानं मी शक्य तितकी सावकाश वाचली. कोच वेळेवर येते. कोच शिवीगाळ करत नाही. राष्ट्रगीत गाते, दुसऱ्या ओळीत सूर चढतो. मग पाचवं पान मी दोन बोटांत धरून सहाव्यासकट उलटलं.

"आकडा!" मागून व्हर्लिन ओरडला. "आकडा कुठे गेला? टाचणी आणलीय मी!"

लोक हसले. ओस्टरकँपही हसला, पण त्याने काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट बघितलं.

माझ्या हातातल्या पानावर माझ्या हाताने लिहिलेले दोन आकडे होते. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी वाचून दाखवलेलं खरं मानलं होतं. हे दोन आकडे माझे होते, आणि बरोबर होते.

"आकडा असा होता," मी म्हणालो, "की कोच ज्या खुणा करते त्यांतल्या मुली किती पाळतात. पण तो आकडा चुकला."

"चुकला म्हणजे?" ग्लाडीनबाई.

"माझे डोळे. मोतीबिंदू आहे बहुतेक. चौथ्या रांगेतून मला मूठ आणि पंजा सारखेच दिसतात. आज सकाळी कोचच्या ऑफिसात गेलो तेव्हा कळलं. त्यांनी हात हलवून या म्हटलं आणि मला वाटलं, थांबा म्हणतायत. मी दारातच उभा राहिलो."

एकदम शांतता. टाचणी खरंच ऐकू आली असती.

"चार सामने!" व्हर्लिनचा आवाज आनंदाने फाटला. "चार सामने हा डोळे फाडून बसला, पॉपकॉर्न न खाता, आणि याला दिसत नव्हतं!"

मग जे हसणं सुटलं ते टेबलाटेबलांवरून फिरत गेलं आणि परत आलं. ओस्टरकँपने डोळे पुसले. मी उभाच होतो. फॉर्म हातात असल्यामुळे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न नव्हता, एवढंच बरं.

लव्हॉन खिडकीजवळ बसली होती. शेताच्या त्या टोकाला उभं असलेलं हरीण नर की मादी हे मी घरातून सांगतो, हे तिला माहीत आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. मग उठली.

"खरंय," ती म्हणाली. "गुरुवारी याने कॉफीत मीठ घातलं. आणि प्यायला पण."

हे सपशेल खोटं होतं. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने माझ्यासाठी यापेक्षा मोठं काही केलं असेल, पण मला ते आठवत नाही.

ग्लाडीनबाईंनी चमचा आपटून शांतता केली. "मग डेल्मर, तुझं मत तरी आहे का काही? की तेही दिसलं नाही?"

"मत आहे," मी म्हणालो. "तिला ठेवा. मुली तिच्याकडे आल्या तेव्हा घाबरायच्या, आता घाबरत नाहीत. एवढं मलाही दिसलं."

क्लबच्या सभासदांचं मतदान झालं. बड रिकर्टची माणसं विरोधात गेली, पण पुष्कळांनी हसून हसून मऊ झाल्यावर हात वर केला. तिला ठेवायच्या बाजूने सव्वीस हात, विरोधात चौदा. मग बाईंनी दुसरा ठराव मांडला की यापुढे परीक्षकाचं काम व्हर्लिनकडे द्यावं. तो एकमताने मंजूर झाला. मी स्वतः हात वर केला.

शनिवारचा सामना मी पॉपकॉर्न खात पाहिला. कोच ब्रँडस्मा मूठ उगारायची आणि समोरच्या बाकावरून ओस्टरकँप आपल्या मुलींना ओरडून सांगायचा, "खाली! खाली!" आणि जोलीन चेंडू डाव्या हातात घेऊन मधली रेघ ओलांडायची आणि मोकळ्या कोपऱ्यातून गुण व्हायचे. आम्ही अकरा गुणांनी जिंकलो. मागच्या रांगेतून कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "डेल्मर, गुण सांगू का रे वाचून?" मी म्हटलं, सांग. बुधवारी डीनसाहेबांचं पत्र निघालं आणि ती कायम झाली.

जानेवारीच्या शेवटी, बर्फ कुंपणाच्या निम्म्यापर्यंत चढलेलं असताना व्हर्लिन माझ्या दारात आला. बगलेत वही होती. बूट झटकले, पण आत येईना.

"तुला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज कधी नव्हे इतका खाली होता. "तीन सामने मोजले मी. तुझ्याच पद्धतीने. अठ्ठ्याऐंशी खुणा. त्यांतल्या नऊ."

"नऊ काय?"

"पाळल्या. फक्त नऊ. डेल्मर, खरं सांग. तुझा आकडा काय होता?"

मी त्याच्याकडे बघितलं. आयुष्यात प्रथमच या माणसाने माझ्याकडून काही शिकायची तयारी दाखवली होती, आणि दोन आकडे सांगितले असते तर संध्याकाळपर्यंत गावाने मला शहाणा म्हटलं असतं. नॉर्थ फोर्कशी परतीचा सामना अजून व्हायचा होता.

मी त्याच्या दंडाला धरून त्याला आत आणलं, खुर्चीवर बसवलं आणि लव्हॉनला म्हटलं, "डोळ्यांच्या डॉक्टरांचा नंबर दे गं याला. बिचाऱ्याला माझ्यासारखंच झालंय."